उजव्या अंगठ्याचं बटण

हरिओमचं पत्र गेल्या वर्षीच्या जून महिन्यात आलं. लांबट पाकीट, कोपऱ्यात किनवट तालुक्यातल्या आश्रमशाळेचा शिक्का, आणि माझं नाव त्याच्या डाव्या हाताच्या अक्षरात. मी ते उभ्यानंच वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि पाकीट शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून टाकलं. त्याला चौदा महिने झाले. पत्राला उत्तर न देणारा माणूस मी नाही. वीज कंपनीच्या छापील नोटिशीलाही मी 'आपले पत्र मिळाले' असं लिहून पाठवलेलं आहे. या एका पत्राला मात्र मी उत्तर दिलं नाही.

पत्र मला पाठ आहे. मायना झाल्यावर त्यानं लिहिलं होतं:

'फोनवरच विचारणार होतो, पण फोनवर तुम्ही बरं बरं म्हणता आणि काकूंकडे देता. म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात नांदेडला हाताची तपासणी केली. डॉक्टरांनी सुया टोचून नसा मोजल्या. म्हणाले, अंगठा आणि पहिलं बोट चांगली आहेत, वापरली नाहीत म्हणून बारीक झालीत एवढंच. नस मधे कधी खालावली असं दिसत नाही म्हणाले. मग बारावीच्या वर्षी काय झालं होतं, काका? जॉयस्टिक खराब होती की माझा हात? तुम्ही दाबून बघितली होती. तुम्हाला आठवत असेल. मुलगी आठ महिन्यांची झाली. तिला मी अजून डाव्याच हातानं उचलतो. डॉक्टर म्हणतात उजवा लावा. पण जो हात एकदा आपोआप गेला, तो ती हातात असताना पुन्हा जाणार नाही कशावरून? तुमचं उत्तर आलं की ठरवीन.'

हात चांगला होता. जॉयस्टिक मी बिघडवली होती. उत्तर एवढंच आहे.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं, आणि सांगताना मी स्वतःला सोडवून घेणार नाही याची मला खात्री नाही.

त्र्याण्णव साली, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुपारपर्यंत कॉलेजची मुलं आणि काही प्राध्यापक ट्रकात बसून किल्लारीच्या बाजूला निघाले. मीही ट्रकापर्यंत गेलो, फळीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. म्हणालो, दवाखान्यात नावं लिहायला कुणीतरी लागेल. त्यात खोटं काही नव्हतं, नावं लिहायला माणूस लागतच होता. पण मी ढिगाऱ्याला घाबरलो होतो. चार दिवस मी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल टाकून जखमींची यादी करत बसलो. नाव, गाव, वय, कुठं लागलंय. सवयीनं मी ती यादी नावांच्या अक्षरक्रमानं लावून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळकडचे एक शेतकरी, किशनराव, माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मामाच्या गावी गणपती बघायला गेला होता. मामाच्या घरातली चौघं गेली होती. मुलाला कुणी कुठं नेलं ते कळत नव्हतं, आणि ते दोन दिवस तीन गावांचे दवाखाने हिंडत होते. मी पान उलटलं. हरिओम किशनराव, वय पाच, उजवा हात. नाव अर्ध्या मिनिटात सापडलं. किशनराव माझ्या पाया पडले. मी कुणालाही ढिगाऱ्यातून काढलं नव्हतं, फक्त यादी नीट लावली होती. पण किशनरावांच्या मनात मी त्यांच्या मुलाला शोधून देणारा माणूस झालो तो कायमचा, आणि मी कधी 'तसं नव्हे' म्हणालो नाही.

हरिओमच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं ताठ राहिलं. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं, पण त्यांत जोर नव्हता. नांदेडला एका हाडांच्या डॉक्टरांकडे त्याला वर्षानुवर्षं नेत. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. पोरगं तो चेंडू दिवसातून दहा वेळा हरवून यायचं. त्या दवाखान्याच्या खाली लालमहंमद यांचं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, पुढं कॉम्प्युटर, काहीही दुरुस्त करायचे. जिन्यावर बसून रडणाऱ्या पोराला त्यांनी आत बोलावलं आणि त्याच्या हातात खेळाची जॉयस्टिक दिली. पुढं त्यांनी त्याच्यासाठी एक वेगळीच बनवली. करडी, दोन शिंगांची, दोन्ही हातांत धरायची. उजव्या अंगठ्याच्या बटणावर त्यांनी रुंद पट्टी बसवली होती, म्हणजे अंगठा घसरू नये. आणि दर दिवाळीला ते त्या बटणाखालचं रबर बदलून आधीपेक्षा थोडं कडक घालायचे. कडक बटण दाबलं गेलं की हरिओम नांदेडहून आल्यावर सगळ्यांना सांगत सुटायचा की अंगठा एक इयत्ता पुढं गेला. शाळेचं प्रगतिपुस्तक त्यानं बापाला कधी आपणहून दाखवलं नसेल, पण हे दाखवायचा. त्याच हातानं तो लिहायचा. सावकाश, पण वळणदार.

मॅट्रिक झाल्यावर किशनराव त्याला घेऊन लातूरला माझ्या दारात आले. 'सर, एकदा तुम्हीच शोधून दिलं. आता तुमच्याच पदरात टाकतो.'

ते दिवस क्लासेसचे होते. आमच्या गल्लीत घर राहिलं नव्हतं जिथं वर मुलं ठेवलेली नव्हती. आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटणार नाही, पण लातूरला तेव्हा घराचाही निकाल बघत. ज्या खोलीतला मुलगा मेडिकलला लागला, त्या खोलीसाठी पुढच्या वर्षी पालक जूनच्या आधी येऊन बसायचे. पलंगही तोच हवा, टेबलाचं तोंडही त्याच भिंतीला हवं. आमच्या वरच्या खोलीतले लागोपाठ दोन मुलगे मेडिकलला गेले होते. उज्वला, माझी बायको, हसायची, म्हणायची की भिंतीला चुना मी लावला आणि गुण भिंतीला आला. मी हसत नसे. मी नुकताच निवृत्त झालो होतो. ग्रंथालयात माझ्या जागी कॉम्प्युटर आणि एक तरतरीत मुलगी आली होती, आणि शेषेराव सरांच्या घराला गुण आहे असं लोक म्हणतात, हे मला आवडत होतं. कबूल करायला लाज वाटते.

हरिओमला मेडिकलला जायचं नव्हतं. त्याला यंत्रं शिकायची होती. हात गेलेल्यांसाठी हात बनवणारं काहीतरी. पण बारावीला शास्त्र चांगलं हवं, ते दोन्हीकडं सारखंच. रोज संध्याकाळी क्लासवरून आला की तो खाली यायचा, माझ्या पुस्तकांची यादी करायला मी घेतलेल्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक जोडायचा आणि अर्धा तास गाडी पळवायचा. उजवं बटण दाबून धरलं की गाडीला वेग. डावीकडं वळण. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर क्लासच्या आठवडी परीक्षेत तो पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत घसरला. यादी क्लासच्या फाटकावर लावत, सगळं गाव वाचत असे. शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, सर, यंदा तुमची खोली काय म्हणतेय? त्याच संध्याकाळी किशनरावांचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, तो खेळून राहिलाय का? मी म्हणालो, नाही तसं काही, बघतो.

दुसऱ्या कुणी काय केलं असतं? हरिओमला बोलावून सांगितलं असतं की परीक्षेपर्यंत हे बंद. त्यानं ऐकलंही असतं, किंवा भांडला असता, किंवा मला समजावलं असतं की तो खेळ नव्हे, हाताचा व्यायाम आहे. मला कुणाला रागावता येत नाही. पुस्तक उशिरा आणणाऱ्या मुलालासुद्धा मी तोंडानं बोललो नाही, मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शिक्का मारून पुढं सरकवत आलो. तीच सवय इथं आली.

तो क्लासला गेल्यावर दुपारी मी चष्म्याच्या छोट्या पेचकसानं जॉयस्टिक उघडली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर प्रत्येक बटणाच्या जागी कंगव्यासारख्या काळ्या रेघा. बटणाखालच्या रबराला काळा ठिपका. ठिपका रेघांवर टेकला की गाडी पळते, एवढं मलाही कळलं. मी वायर कापायचा विचार केला आणि हात मागं घेतला. ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या तारीखचिठ्ठ्या माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्यातल्या एकीचा नखाएवढा तुकडा फाडून मी उजव्या अंगठ्याच्या बटणाखाली सरकवला, असा की डावी अर्धी बाजू झाकली जावी. पूर्ण झाकायचंही माझ्या जिवावर आलं. वाटलं, अधूनमधून लागलं नाही की कंटाळेल आणि सोडून देईल. मग परीक्षेनंतर काढून टाकू.

वायर कापली असती तर ते यंत्र मेलं असतं, आणि मेलेलं यंत्र घेऊन पोरगं सरळ लालमहंमदकडं गेलं असतं. मी ते अर्धवट ठेवलं. बटण कधी लागायचं, कधी नाही. जोरात, कडेनं दाबलं की लागायचं. म्हणजे कमजोर अंगठ्यानं नवं कडक रबर दाबलं तर जसं व्हावं, हुबेहूब तसं.

त्या संध्याकाळी त्याची गाडी वेग घेईना. त्यानं दोनतीनदा अंगठा झटकला. तळहात मांडीवर पुसला. पुन्हा धरलं. तसं आठ दिवस चाललं. त्याच्या अंगठ्याच्या पेरावर लाल वळ उठला तो मी जेवताना पाहिला. नवव्या दिवशी त्यानं मला हाक मारली.

'काका, तुम्ही जरा दाबून बघा की. मला वाटतंय बटणच गेलंय.'

मी कुठं दाबायचं ते मला माहीत होतं. मी जॉयस्टिक हातात घेतली, अंगठा पट्टीच्या उजव्या कडेला नेला आणि दाबला. पडद्यावरची गाडी सुटली, वळणावरून बाहेर गेली, खांबाला धडकली. मी म्हणालो, 'चालतंय की.'

त्यानं ती माझ्याकडून घेतली नाही. स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, 'मग माझंच.'

तेव्हा बोलता आलं असतं. खाली पडलेला कागद उचलावा इतकं सोपं होतं. उज्वलानं आतून ताटं वाढल्याची हाक दिली, आणि मी जेवायला गेलो.

त्यानंतर तो खेळला नाही. महिन्याभरात पुन्हा पहिल्या यादीत आला. किशनराव फोनवर म्हणाले, सर, तुमच्या घराचा गुण. मी खूश झालो, हेही सांगितलंच पाहिजे. मग डिसेंबरात त्याचं पेन निसटायला लागलं. खरंच निसटत होतं की निसटेल या भीतीनं तो घट्ट धरत होता आणि दुखल्यावर सोडत होता, ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळतं. एक दिवस तो म्हणाला की बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक घेतो, अर्ज कसा लिहायचा? लेखनिक म्हणजे त्यानं सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या मुलानं लिहायचं. तो अर्ज मी लिहून दिला. माझ्या अक्षरात. 'उजव्या हाताची शक्ती उत्तरोत्तर क्षीण होत असल्याकारणाने.' उत्तरोत्तर हा शब्द मी दोनदा विचार करून निवडला होता.

बारावीला त्याला चांगले गुण मिळाले. पण यंत्रांच्या शाखेचे अर्ज त्यानं भरलेच नाहीत. म्हणाला, जिथं हात लागतो ते नको. डाव्या हातानं लिहायला शिकला, गणित घेऊन बीएस्सी केली, बीएड केली, किनवटच्या बाजूला आश्रमशाळेत लागला. जाताना जॉयस्टिक आमच्याकडंच ठेवली. कुणाला तरी होईल, म्हणाला. पुढच्या जूनमध्ये आमच्या वरच्या खोलीसाठी तीन पालक भांडले. मी कागद काढला नाही. तो गेल्यावर काढून काय होणार होतं?

पत्र आल्यावर मी निदान सहा वेळा लिहायला बसलो. दर वेळी सुरुवात चांगली व्हायची आणि मी ती सुधारत बसायचो. उज्वलाला माझं कृत्य माहीत नव्हतं. तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की हरिओमचं पत्र आलं आणि मी उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, 'अख्खा जन्म पुस्तकांना नंबर देत गेला तुमचा. त्या पोराला चार ओळी देता येईनात?' मी म्हणालो, विषय जरा नाजूक आहे. ती म्हणाली, तर मग नाजूक अक्षरात लिहा.

या ऑगस्टमध्ये हरिओमच्या बायकोचा तिला फोन आला. पोरगी आता पलंगावर चढते-उतरते. परवा पलंगाच्या काठावरून घसरली. हरिओम शेजारीच बसला होता, ती त्याच्या उजव्या बाजूला होती. त्यानं तो हात पुढं केलाच नाही. डावा वळवून आणेपर्यंत ती पडली. भुवईला दोन टाके. उज्वला हे भाजी निवडता निवडता सांगत होती आणि मी पेपर धरून बसलो होतो.

त्या दिवशीसुद्धा मी पत्र लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जॉयस्टिक पिशवीत घातली आणि नांदेडची बस धरली. का, ते अहमदपूर जाईपर्यंत मी स्वतःलाही सांगत नव्हतो. लोह्याच्या पुढं कबूल केलं. मला अशी आशा होती की आत आणखीही काही बिघडलेलं निघेल. एखादी वायर सुटलेली, एखादी रेघ झिजलेली. म्हणजे हरिओमला लिहिता येईल की जॉयस्टिक खराब होती, मेकॅनिकनं पाहिली, आणि तेही खरंच असेल.

दुकान इतवारा भागात तिथंच होतं, दवाखान्याच्या खाली. पुढच्या काउंटरवर लालमहंमद यांची मुलगी अर्शिया मोबाईल दुरुस्त करत होती. मी पिशवीतून ते काढून ठेवल्यावर ती हसली आणि आत वळून म्हणाली, 'अब्बा, तुमच्या जमान्यातलं गिऱ्हाईक आलंय.'

लालमहंमद मागच्या टेबलाशी होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली, उजव्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

'ही पट्टी माझी हाय. हरिओमचं हे. तुम्ही लातूरचे सर.'

मी हो म्हणालो. त्यांनी चहा सांगितला, हात कसा आहे विचारलं. मी म्हणालो, बरा आहे. त्यांनी जॉयस्टिक उघडली नाही, तशीच टेबलावर ठेवली. म्हणाले की असलं काम त्यांनी सोडून दिलं. हरिओमच्या नंतर दोघातिघांनी पोरं आणली होती, एकाची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेलेली, त्यांना परत पाठवलं. मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं.

'त्या दिवाळीला मी रबर लई कडक घातलं, सर. पोराची नस दमून गेली. पुढच्या दिवाळीला ते आलंच न्हाई. मला काही बोललं न्हाई, पण समजतंय ना माणसाला.'

अजूनही मला उठून जाता आलं असतं. मी म्हणालो, एकदा उघडून बघा.

त्यांनी स्क्रू काढले, पाठ उचलली, मीटरच्या दोन सुया एकेका रेघेला लावत गेले. प्रत्येक वेळी मीटर बारीक वाजायचं. सगळं ठीक होतं. माझ्या आशेचं जे काही होतं ते त्या आवाजाबरोबर एकेक करून संपलं. मग त्यांनी उजव्या बटणाचं रबर उचललं, थांबले, आणि चिमट्यानं तो तुकडा काढून दिव्याखाली धरला. कागद पिवळा पडला होता, पण शिक्का वाचता येत होता.

'बारा ऑगस्ट,' त्यांनी वाचलं. 'ह्ये काय हाय?'

'मी घातलाय,' मी म्हणालो.

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, कधी आणि कशाला. मी सांगितलं, दिवाळीनंतर, तुम्ही रबर बदलल्यावर काही दिवसांनी. आणि त्यानं अभ्यास करावा म्हणून.

'तर मग त्याला बोलायचं होतं.'

'मला बोलता येत नाही.'

पुढच्या काउंटरवर अर्शियाचे हात थांबले होते. चहा आला. लालमहंमद यांनी कप माझ्यापुढं सरकवला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. चिमटा पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली.

'चौदा वर्षं होत आली, सर,' ते म्हणाले. 'मी समजून राहिलो की माझ्या हातानं पोराचा हात गेला.'

हे माझ्या हिशेबात कधीच नव्हतं. एका मुलाचं वाईट केलं एवढंच मी मानत आलो होतो. मी चहा घेतला नाही, आणि घेतला नाही म्हणूनही लाजलो. मग मी पत्राचं सांगितलं. मुलीचं, भुवईचं, सगळं. अर्शियानं लगेच फोन उचलला, नंबर सांगा म्हणाली, आत्ता लावते. मी म्हणालो, नको, लिहितो. फोनवर मी बरं बरं म्हणून ठेवून देईन.

लालमहंमद म्हणाले, 'घरी नेलं तर परत पुस्तकात ठेवाल. इथंच बसून लिहा.'

अर्शियानं चार कोरे कागद दिले. मी त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून लिहिलं, दोन्ही बाजू भरल्या. लालमहंमद यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं. बराच वेळ लागला.

'ह्यात भूकंप हाय,' ते म्हणाले. 'तुमचं कॉलेज हाय, खोली हाय, माझं नाव हाय. हाताचं कुठं हाय?'

मी दुसऱ्या पानाच्या तळाची ओळ दाखवली.

'ते वर घ्या. त्याला ते पहिलं वाचू द्या. पुढचं वाचलं न वाचलं, त्याची मर्जी.'

मी नवा कागद घेतला. त्यावर असं लिहिलं:

'हरिओम, तुझा हात बारावीच्या वर्षी ठीक होता. तो गेला नव्हता. जॉयस्टिकच्या उजव्या बटणाखाली मी कागद घातला होता, तू खेळू नयेस म्हणून. कागद सोबत पाठवत आहे. तू मला दाबायला दिलीस तेव्हा कागद कुठं आहे हे मला माहीत होतं आणि मी त्याच्या बाजूला दाबलं. लालमहंमद यांनी आज सगळं मोजलं, बाकी काही बिघडलेलं नाही. त्यांचं रबरही बरोबर होतं, तू ते आठ दिवसांत जिंकलं असतंस. अर्जात मी शक्ती कमी होत असल्याचं लिहिलं ते खोटं होतं. मुलीला उजव्या हातानं घे. शेषेराव.'

लालमहंमद यांनी वाचलं आणि मान हलवली. बरोबर आहे की नाही, ते त्या मानेवरून कळलं नाही. जॉयस्टिक त्यांनी ठेवून घेतली. म्हणाले, हरिओम आला तर साफ करून त्याच्या हातात देईन, नाही आला तर राहील. दुकानाच्या पायरीपर्यंत ते आले नाहीत. अर्शियानं पोस्टाचा रस्ता दाखवला.

पोस्टात खिडकीवर एक बाई होत्या. साधं की स्पीड पोस्ट, त्यांनी विचारलं. मी विचारलं, परत येणार नाही असं कुठलं? त्या म्हणाल्या, पत्ता बरोबर असला तर कुठलंच येत नाही. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी वजन केलं, पत्ता मोठ्यानं वाचला, किनवट का, उद्या नाही तर परवा जाईल म्हणाल्या, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.

पावती घेऊन मी दारापर्यंत आलो आणि माझ्या लक्षात आलं की पत्रात मी क्षमा मागितलेली नाही. पहिल्या कागदावर ती होती, अगदी सुरुवातीला, चांगली तीन वाक्यं. हाताची ओळ वर घेताना ती जुन्याच कागदावर राहून गेली. मी मागं फिरलो. खिडकीपुढं रांग लागली होती, आणि आत एक माणूस पोत्याचं तोंड बांधत होता. बाईंनी रांगेवरून मान उंच करून विचारलं, 'काय राहिलं का, आजोबा?'

मी म्हणालो, काही नाही.